दिव्यांचें नृत्य आणि त्यामागील गणित

नाट्यगृहांत पडदा वर जातो आणि प्रेक्षकांचे डोळे नटांकडे व कान गाण्याकडे लागतात. दिव्यांकडे मुद्दाम कोणी पाहत नाहीं. आणि ज्या अर्थीं कोणी पाहत नाहीं त्या अर्थीं ते आपलें काम नीट बजावीत आहेत असें समजावें, हा जुन्या रंगकर्मींचा दंडक होता. गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत या दंडकास धक्का बसला आहे. आतां दिवे जागच्या जागीं उजळून विझत नाहींत. ते माना वळवितात, खालीं पाहतात, वर पाहतात, एकामागून एक लाटेप्रमाणें डुलतात आणि क्षणांत सारे मिळून एकाच ठिकाणीं रोखून उभे राहतात. नृत्यनाट्यांत, गायनाच्या जलशांत, लग्नसमारंभांत, इतकेंच काय पण आमच्याकडील गणेशोत्सवाच्या मिरवणुकींतहि असे दिवे आतां सर्रास दिसतात. मुलें त्यांस 'शार्पी' म्हणतात. वस्तुतः हें एका इटालियन कंपनीनें काढिलेल्या एका विशिष्ट दिव्याचें नांव. परंतु कोणत्याहि वनस्पति तुपास ज्याप्रमाणें लोक 'डालडा' म्हणूं लागले, त्याप्रमाणेंच हेंहि नांव सर्व जातीच्या दिव्यांस चिकटलें आहे.

घरांतील वडील मंडळी म्हणतात, हा नुसता डोळे दिपविण्याचा खटाटोप आहे; तरुण मंडळी म्हणतात, यांत मोठें शास्त्र आहे. दोघांचेंहि म्हणणें अंशतः खरें आहे. हें शास्त्र कोणतें, तें कोठून आलें, आणि तें हातीं घेणाऱ्याच्या शिरावर कोणती जबाबदारी येते, याची थोडीशी ओळख आमच्या वाचकांस करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

शंभर वर्षांची वाटचाल

लंडन येथील सॅव्हॉय नाट्यगृह १८८१ च्या ऑक्टोबर महिन्यांत उघडलें आणि त्याच वर्षाच्या २८ डिसेंबर रोजीं तेथील रंगमंचहि विजेच्या दिव्यांनीं उजळला. सुमारें बाराशें दिवे त्या इमारतींत लाविले होते. सर्वस्वीं विजेनें उजळलेली जगांतील पहिली सार्वजनिक इमारत असा तिचा लौकिक आहे. गॅसच्या दिव्यांची उष्णता, धूर व आगीचें भय यांपासून नटांची आणि प्रेक्षकांची पुष्कळ अंशीं सुटका झाली. तथापि दिवा जेथें टांगला तेथेंच राहिला. त्याचा प्रकाश कमी-अधिक करतां येई. रंग पाहिजे असल्यास पुढें जिलेटिनचा रंगीत कागद बसवावा लागे. आणि दिशा बदलावयाची म्हणजे शिडीवर चढून हातानें दिवा फिरविण्यावांचून गत्यंतर नसे.

या दिव्यांस एका जागीं बसून एकाच माणसानें हुकूम द्यावा, ही कल्पना ज्यांनीं पुढें आणिली त्यांत फ्रेडरिक बेंथॅम या इंग्रज गृहस्थाचें नांव प्रथम घेतलें पाहिजे. लंडनच्या स्ट्रँड इलेक्ट्रिक कंपनींत काम करीत असतां १९३५ सालीं त्यानें सिनेमागृहांत वाजविल्या जाणाऱ्या काँप्टन ऑर्गनचा सांगाडा घेतला आणि त्याच्या पट्ट्यांशीं दिव्यांचें नियंत्रण जोडून दिलें. ऑर्गनवादक ज्याप्रमाणें दोन्ही हातांनीं व पायांनीं सूर काढतो, त्याप्रमाणें दिवेवाला प्रकाश आणि रंग 'वाजवूं' लागला. कंपनीच्या छोट्याशा नाट्यगृहांत बेंथॅम संगीताच्या साथीनें रंगांच्या मैफलीहि करून दाखवी. दिव्यांच्या यंत्रास आजहि 'कन्सोल' म्हणतात; ऑर्गनच्या वाजविण्याच्या मेजासहि इंग्रजींत हाच शब्द आहे, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या दोन कलांचें नातें उलगडतें.

पुढें संगणकाचा काळ आला. १९७५ सालीं न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर 'अ कोरस लाइन' हें संगीत नाटक आलें. त्याची प्रकाशयोजना थॅरन मसर या विदुषीनें केली होती, आणि स्मरणशक्ति असलेलें संगणकी कन्सोल ब्रॉडवेवर आणण्याचा पहिला मान तिच्याकडेच जातो. तोंपर्यंत अनेक कामगार पडद्याआड उभे राहून मोठमोठे दांडे हातानें ओढीत व ढकलीत असत. आज एक दांडा चार बोटें कमी, उद्यां दोन बोटें जास्त, असा प्रकार होई. मसरबाईंच्या यंत्रामुळें पहिल्या रात्रींचा प्रकाश शंभराव्या रात्रींहि जसाच्या तसा येऊं लागला. यंत्रविद्येचें क्षेत्र स्त्रियांचें नव्हे असें मानणारांनीं हें उदाहरण अवश्य लक्षांत ठेवावें.

राहतां राहिली दिव्याची हालचाल. अमेरिकेंतील डॅलस शहरीं शोको नांवाची कंपनी गायनाच्या दौऱ्यांस ध्वनि व प्रकाश पुरवीत असे. तिचे इंजिनियर आपोआप रंग बदलणारा दिवा तयार करीत होते. रंगासाठीं मोटारी घातल्याच आहेत, तर आणखी दोन घालून दिव्यास मानहि वळवितां येईल, हें त्यांच्या ध्यानांत आलें. त्यांतून 'व्हॅरी-लाइट' जन्मास आला. जेनेसिस या इंग्रज गायकवादकांच्या मेळानें त्यास आर्थिक पाठबळ दिलें आणि २५ सप्टेंबर १९८१ रोजीं स्पेनमधील बार्सिलोना येथें, बैलांच्या झुंजीच्या आखाड्यांत झालेल्या जलशांत, हे दिवे प्रथमच लोकांसमोर फिरले. सॅव्हॉयचा रंगमंच विजेनें उजळल्यास त्या वेळीं शंभर वर्षें होत आलीं होतीं.

दिव्याशीं बोलण्याची भाषा

दिवे अनेक कंपन्यांचे आणि कन्सोलहि अनेक कंपन्यांचे. तेव्हां एकाची बोली दुसऱ्यास कळावी कशी? ही अडचण दूर करण्यासाठीं १९८६ सालीं अमेरिकेंतील रंगतंत्रज्ञांच्या यू. एस्. आय. टी. टी. या संस्थेनें 'डी. एम्. एक्स्. ५१२' नांवाचा संकेत ठरविला. तो इतका सोपा आहे कीं शाळेंतील मुलासहि समजावा. एका तारेंतून ५१२ आंकड्यांची एक यादी धांवते. प्रत्येक आंकडा ० ते २५५ यांच्या दरम्यान असतो. सबंध यादी सेकंदास सुमारें ४४ वेळां पुन्हां पुन्हां पाठविली जाते. प्रत्येक दिव्यास एक घरक्रमांक दिलेला असतो. टपालवाल्यानें आळींतून ओरडत जावें आणि ज्यानें त्यानें आपापलें पत्र उचलावें, त्याप्रमाणें दिवा आपल्या क्रमांकापासून पुढचे आंकडे उचलतो आणि बाकीच्यांकडे दुर्लक्ष करितो.

साध्या दिव्यास एकच आंकडा पुरतो: किती उजळावयाचें, एवढाच. हलत्या दिव्यास मात्र डावें-उजवें वळणें, वर-खालीं होणें, रंग, झोताची रुंदी, आंतील नक्षी, तिचें फिरणें असे वीस-तीस आंकडे लागतात. एका दिव्यास तीस आंकडे धरले, तर एका तारेवर सतराच दिवे मावतात. मोठ्या जलशांत शेंकडों दिवे असतात. म्हणजे दर सेकंदास किती लाख आंकड्यांची ने-आण होत असेल याचा हिशेब वाचकांनींच करावा.

येथें एक बारीक पण मौजेची गोष्ट सांगण्याजोगी आहे. डाव्या-उजव्या वळणास धंद्यांत 'पॅन' म्हणतात व वर-खालच्या हालचालीस 'टिल्ट'. बहुतेक दिवे पॅनमध्यें ५४० अंश, म्हणजे दीड फेरी, फिरतात. हे ५४० अंश २५६ पायऱ्यांत वांटले, तर एक पायरी दोन अंशांहून थोडी मोठी होते. ऐकावयास हें क्षुल्लक वाटतें. परंतु वीस मीटरवर त्या दोन अंशांचे जवळजवळ पाऊण मीटर होतात! नायिकेच्या मुखावर पडावयाचा प्रकाश तिच्या शेजारच्या खांबावर पडेल. म्हणून पॅनसाठीं एक सोडून दोन आंकडे वापरतात, एक ढोबळ आणि एक सूक्ष्म. दोन्ही मिळून ६५,५३६ पायऱ्या होतात आणि त्याच वीस मीटरवर एक पायरी तीन मिलिमीटरांहूनहि लहान भरते. हळू चालणारा प्रकाश धक्के न खातां सरकतो तो या दुसऱ्या आंकड्याच्या बळावर.

झोपाळ्याचें गणित

आतां मुख्य विषयाकडे वळूं. दिव्यास हालचाल शिकवावयाची कशी? सर्वांत भाबडी रीत म्हणजे 'डावीकडे जा, आतां उजवीकडे जा' असे दोन हुकूम आळीपाळीनें देणें. तसें केल्यास दिवा कवायतींतील शिपायाप्रमाणें धाडकन् जातो, थबकतो आणि पुन्हां धाडकन् परततो. डोळ्यांस तें खुपतें. कारण निसर्गांत डुलणारी कोणतीहि वस्तु तशी चालत नाहीं. ओटीवरचा झोपाळा पाहावा. टोकाकडे जातां जातां तो मंदावतो, निमिषभर थांबतो, मग परततांना वेग घेतो आणि अगदीं मध्यावर त्याचा वेग सर्वांत अधिक असतो. कन्सोलमधील हालचालीचा जो भाग आहे, ज्यास धंद्यांत 'इफेक्ट' म्हणतात, तो दिव्यास झोपाळ्याचीच चाल शिकवितो.

गणितांत या चालीच्या वक्रास 'साइन' म्हणतात. हा शब्द परका वाटला तरी त्याचें माहेर आपल्याकडचें आहे. धनुष्याच्या दोरीस संस्कृतांत ज्या किंवा जीवा म्हणतात. वर्तुळाच्या कंसास जोडणाऱ्या रेषेसहि आपल्या ज्योतिष्यांनीं तेंच नांव दिलें. इ. स. ४९९ च्या सुमारास रचलेल्या 'आर्यभटीया'त आर्यभटानें ३ अंश ४५ कलांच्या अंतरानें चोवीस ज्यांचें कोष्टक देण्याची सोय केली आहे. हा शब्द अरबींत गेल्यावर 'जीबा' झाला. अरबींत स्वर लिहिण्याचा प्रघात नसल्यामुळें पुढें तो 'जैब' म्हणजे वस्त्राची घडी असा वाचला गेला. आणि लॅटिनमध्यें भाषांतर करणारांनीं त्याच अर्थाचा 'सायनस' हा शब्द योजिला. ग्रहांच्या गति मोजण्यासाठीं ज्या कोष्टकाची योजना झाली, तेंच गणित आज दिव्यांच्या माना वळवीत आहे.

दिव्यास दोन चाली असल्यामुळें गंमत अधिक वाढते. पॅनला एक झोपाळा दिला आणि टिल्टला दुसरा. दोन्ही झोपाळे एकाच क्षणीं निघाले व एकाच क्षणीं परतले, तर प्रकाशाचा ठिपका तिरक्या सरळ रेषेंत पुढें-मागें होईल. पण टिल्टचा झोपाळा पाव फेरी मागून सोडला, तर? देवापुढें आरतीचें तबक ओवाळणाऱ्या हाताकडे पाहावें. तो हात डावी-उजवीकडेहि जात असतो आणि वर-खालींहि होत असतो. परंतु एक चाल टोकास असतांना दुसरी मध्यावर असते. म्हणून वर्तुळ होतें. कन्सोलवर 'सर्कल' म्हणून जो इफेक्ट असतो तो हाच. टिल्टचा झोपाळा पॅनच्या दुप्पट वेगानें चालविल्यास इंग्रजी आठाचा आंकडा आडवा निघतो. अशा आकृतींचा अभ्यास लिसाजू नामक फ्रेंच शास्त्रज्ञानें १८५७ सालीं केला होता, आणि त्या आजहि त्याच्याच नांवानें ओळखल्या जातात.

मात्र कागदावरचें वर्तुळ रंगमंचावर जसेंच्या तसें उतरत नाहीं, हा अनुभव नवशिक्यास पहिल्याच दिवशीं येतो. पृथ्वीच्या गोलावर विषुववृत्तापाशीं रेखांश दूर दूर असतात आणि ध्रुवापाशीं ते एका बिंदूंत मिळतात. छतास टांगलेल्या दिव्याचेंहि तसेंच आहे. तो सरळ खालीं पाहत असला तर पॅन कितीहि फिरवा, ठिपका जागच्या जागीं गिरक्या घेतो. तोच दूर तिरका पाहत असला तर तेवढ्याच पॅननें ठिपका कित्येक हात सरकतो. म्हणून दिवा कोठें रोखला आहे हें पाहून पॅनची व टिल्टची व्याप्ति निरनिराळी ठेवावी लागते. शिवाय दिव्याच्या डोक्यास वजन आहे आणि मोटारीच्या ताकदीस मर्यादा आहे. फार मोठें वर्तुळ फार वेगानें मागितलें, तर दिवा टोकापर्यंत पोंचण्यापूर्वींच त्यास परतण्याचा हुकूम येतो आणि वर्तुळ आपोआप आंखडतें.

बारा दिव्यांची रांग

एकट्या दिव्याच्या डुलण्यांत फारसा अर्थ नाहीं. खरी शोभा रांगेंत आहे. समजा, बारा दिवे एका ओळींत टांगले आहेत आणि प्रत्येकाची फेरी चार सेकंदांत पुरी होते. सर्व एकदम निघाले, तर बारा जणांची कवायत होते. आतां दुसऱ्यास पहिल्यापेक्षां एकतृतीयांश सेकंद उशिरा सोडा, तिसऱ्यास आणखी एकतृतीयांश, याप्रमाणें. वर्तुळाच्या भाषेंत सांगावयाचें तर पहिला ० अंशांवर, दुसरा ३० वर, तिसरा ६० वर आणि बारावा ३३० अंशांवर. अशा वेळीं प्रत्येक दिवा आपल्यापुरता झोपाळाच घेत असतो. परंतु पाहणाऱ्यास ओळींतून लाट वाहत गेल्याचा भास होतो. वाऱ्यानें भाताचें शेत डोलतें तेव्हां एकहि रोप जागचें हलत नाहीं, तरी लाट बांधापासून बांधापर्यंत जाते. त्यांतलाच हा प्रकार. या अंतरास धंद्यांत 'फेज' म्हणतात. येथें नवशिक्याची एक ठराविक चूक होते. पुरी फेरी ३६० अंशांची म्हणून तो शेवटच्या दिव्यास ३६० देतो. पण ३६० म्हणजे पुन्हां ०. त्यामुळें पहिला व बारावा जुळ्या भावांप्रमाणें एकदम हलतात आणि लाटेंत सांधा दिसतो.

फेज बदलली कीं चेहरामोहराच बदलतो. एकाआड एक दिव्यांस ० व १८० अंश दिले तर ते कात्रीप्रमाणें एकमेकांस छेदतात. मधोमध आरसा ठेवल्यासारखें डाव्या सहांस एका दिशेनें व उजव्या सहांस उलट दिशेनें फिरविलें, तर कमळ मिटावें व उमलावें तसा आकार होतो.

हाच न्याय उजेडासहि लागू आहे. दिवे न हलवितां त्यांची केवळ तेजस्विता झोपाळ्यावर घातली कीं लाटांचा भास होतो. अग्नीचा भास मात्र एवढ्यानें साधत नाहीं, कारण ज्वाळा कधीं स्वतःची नक्कल करीत नाहीं. तेथें कुशल माणूस दोन निरनिराळ्या इफेक्टांची गांठ घालतो. एकाची फेरी सात सेकंदांची व दुसऱ्याची अकरा सेकंदांची ठेवली, तर दोन्ही मिळून तीच स्थिति पुन्हां ७७ सेकंदांनींच येते. आणि तेवढ्या अवकाशांत प्रेक्षकाच्या डोळ्यांस पुनरुक्ति पकडतां येत नाहीं. लसाविचा असा सुंदर उपयोग शाळेंत कोणी सांगितला असता, तर पुष्कळ मुलांस गणिताचा कंटाळा आला नसता असें आम्हांस वाटतें.

यंत्रापुढें बसल्यावर

आतां प्रत्यक्ष काम कोणत्या क्रमानें होतें तें पाहूं. जर्मनींतील एम्. ए., अमेरिकेंतील ई. टी. सी., इंग्लंडांतील अ‍ॅव्होलाइट्स अशा नामांकित कंपन्यांचीं कन्सोलें दिसण्यांत वेगळीं असलीं व प्रत्येकाची परिभाषा निराळी असली, तरी कामाचा क्रम बहुतेक तोच असतो.

प्रथम कोणता दिवा कोणत्या घरक्रमांकावर आहे याची नोंद करावयाची. मग दिव्यांचे गट पाडावयाचे: पुढची ओळ, मागची ओळ, डावा खांब, उजवा खांब. गटांत दिवे ज्या क्रमानें निवडावे त्याच क्रमानें लाट वाहते, म्हणून हा क्रम विचारपूर्वक लावावा लागतो. त्यानंतर जागांची यादी. 'रंगमंचाचा मध्य', 'सिंहासन', 'प्रेक्षकांच्या माथ्यावर' अशा एकेका जागेस नांव देऊन तेथें सर्व दिवे रोखून ठेवावयाचे व तें यंत्राच्या स्मरणांत साठवावयाचें. दौऱ्यावर निघणाऱ्या मंडळींस याचें महत्त्व विशेष. गांव बदलला कीं छताची उंची बदलते, दिव्यांमधील अंतर बदलतें. परंतु सबंध नाटक नव्यानें बसवावें लागत नाहीं. नांवें दिलेल्या पंधरा-वीस जागा तेवढ्या दुरुस्त केल्या कीं त्यांवर उभारलेले शेंकडों प्रसंग आपोआप सुधारतात.

इतकी पूर्वतयारी झाली म्हणजे इफेक्टाकडे वळावयाचें. त्याचे प्रश्न चारच: आकार कोणता, व्याप्ति किती, वेग किती आणि फेज कशी. हा इफेक्ट बहुधा सापेक्ष ठेवतात. म्हणजे दिवा जेथें रोखला असेल त्या जागेभोंवतीं तो फिरतो. मुळची जागा हळूहळू सरकविली तर फिरतें वर्तुळहि तिच्याबरोबर सरकतें. ओवाळणारा माणूस पावलें टाकीत चालूं लागला तरी तबकाची फेरी मोडत नाहीं, तसेंच हें. शेवटीं हें सारें 'क्यू' म्हणून नोंदवावयाचें, आणि वर चढण्यास किती वेळ व ओसरण्यास किती वेळ हें ठरवावयाचें.

हे शेवटचे दोन आंकडे वरकरणी किरकोळ. पण चांगल्या व सामान्य कामांतील भेद येथेंच उघड होतो. हालचाल सुरू करणें सोपें आहे. ती थांबविणें कठीण. चालता इफेक्ट एकदम कापला तर बारा दिवे बारा ठिकाणांहून उडी मारून मूळ जागीं येतात आणि गाण्याचा शेवटचा सूर हवेंत असतांनाच प्रेक्षकांचें लक्ष छताकडे जातें. जाणता माणूस व्याप्ति हळूहळू शून्यावर आणतो. वर्तुळें लहान लहान होत जागच्या जागीं विरतात. गवई समेवर येतो त्याप्रमाणें दिवेहि समेवर आले पाहिजेत.

डोळ्यांची जपणूक

येथवर आम्ही कौतुक केलें; आतां सावधगिरीचा एक शब्द. १६ डिसेंबर १९९७ रोजीं जपानांत 'पोकेमॉन' या मुलांच्या चित्रमालिकेचा एक भाग दूरचित्रवाणीवर दाखविला गेला. त्यांत तांबडा व निळा रंग सेकंदास सुमारें बारा वेळां आळीपाळीनें चमकला. त्या सायंकाळीं सुमारें ६८५ मुलांस रुग्णालयांत न्यावें लागलें. कित्येकांस अपस्माराप्रमाणें झटके आले होते. कांहीं माणसांच्या, विशेषतः मुलांच्या व तरुणांच्या मेंदूस लुकलुकता प्रकाश सहन होत नाहीं, आणि हा दोष पुष्कळदां पहिला झटका येईपर्यंत घरांत कोणासहि ठाऊक नसतो.

कन्सोलवरील इफेक्टाचा वेग वाढविण्यास एक बोट पुरतें. म्हणूनच तें बोट कोणाचें आहे यास महत्त्व आहे. दूरचित्रवाणी व संगणकाच्या पडद्यांसाठीं सेकंदास तीनांहून अधिक लखलखाट नसावे अशी मर्यादा सामान्यतः मानतात. रंगमंचावरहि समंजस प्रकाशयोजनाकार जवळपास तीच मर्यादा पाळतात, आणि तीव्र लखलखाट असल्यास दारापाशीं तशी सूचना लावतात. गृहस्थांनींहि जलशास जातांना अशी सूचना वाचून मगच मुलांस आंत न्यावें. मूल बेचैन दिसल्यास त्याचा एक डोळा तळहातानें पूर्ण झांकून त्यास तेथून दूर न्यावें. नुसते डोळे मिटल्यानें काम भागत नाहीं, कारण पापण्यांतून उजेड आंत जातोच. मिरवणुकींतील लेझरचे झोत हा तर सर्वस्वीं निराळा प्रकार. ते सरळ डोळ्यांत गेल्यास दृष्टिपटलास कायमची इजा होऊं शकते, तेव्हां त्यांकडे रोखून पाहूं नये. अरुंद झोताचे प्रखर दिवे कापडी मांडवाजवळ ठेवल्यास आगीचेंहि भय असतें. जळण्याजोग्या वस्तूंपासून किती अंतर ठेवावें हें अशा दिव्यावर लिहिलेलें असतें. लग्नघरच्या यजमानानें तें मांडववाल्यास वाचावयास लावावें. त्यांत संकोचाचें कारण नाहीं.

यंत्र कोणाचें, दृष्टि कोणाची

आतां मूळ वादाकडे येऊं. हा खटाटोप कलेचा कीं नुसत्या चमत्काराचा? याचें उत्तर यंत्राच्या जन्माआधींच आपल्या देशांत मिळून गेलें आहे. १९५९ सालीं कलकत्त्याच्या मिनर्व्हा नाट्यगृहांत उत्पल दत्त यांच्या मंडळीनें कोळशाच्या खाणींतील मजुरांवरचें 'अंगार' हें नाटक केलें. त्याच्या शेवटीं खाणींत पाणी शिरतें आणि चढत चढत अडकलेल्या माणसांस गिळून टाकतें. रंगमंचावर पाण्याचा थेंबहि नव्हता. तापस सेन या प्रकाशयोजनाकारानें केवळ प्रकाशाच्या हालचालीनें तें पाणी चढविलें. त्याच सुमारास 'सेतु' नाटकांत त्यानें अंगावर धांवून येणारी आगगाडी उभी केली. संगणक नाहीं, फिरते दिवे नाहींत. होतें तें पाणी कसें चढतें आणि गाडी कशी येते याचें निरीक्षण. बंगालबाहेरहि लोक अद्याप त्या दृश्यांचें वर्णन करितात तें यासाठींच.

कन्सोल झोपाळ्याची चाल जाणतें, पण झोपाळा केव्हां थांबवावा हें जाणत नाहीं. नटानें आज एका वाक्यानंतर दोन श्वास अधिक घेतले, तर तें त्यास कळत नाहीं. पुढचा क्यू सोडण्याची कळ अद्याप बहुतेक नाटकांत माणसाच्याच बोटाखालीं असते. अंधाऱ्या कोपऱ्यांत बसलेला तो माणूस सबंध नाटक कानांनीं वाचीत असतो. त्याचें नांव जाहिरातींत नसतें, टाळ्यांच्या वेळीं तो पुढें येत नाहीं. आमच्या घरांतील एखाद्या मुलास किंवा मुलीस या विद्येची गोडी लागली, तर 'लाइटवाल्याचा धंदा' म्हणून नाक मुरडण्यापूर्वीं वडिलांनीं हें ध्यानांत आणावें कीं येथें गणित, वीजशास्त्र, संगीत आणि चित्रकला या चारांचीहि गरज लागते, आणि शिवाय रात्रीं उशिरापर्यंत जागून सकाळीं वेळेवर उठण्याची शिस्त लागते ती वेगळीच.

पुढच्या खेपेस नृत्यनाट्यास किंवा जलशास जाणें होईल तेव्हां वाचकांनीं एक परीक्षा करून पाहावी. दिवे कसे हलतात याकडे सारेच पाहतात. ते थांबतात कसे याकडे पाहावें. गाणें संपतांना ते उडी मारून जागेवर आले, तर कळेवर नुसतें बोट होतें असें समजावें. ते गाण्याबरोबर लहान होत होत विसावले, तर घरीं परततांना त्या अंधाऱ्या कोपऱ्याकडे वळून त्या माणसास दोन शब्द बोलावे. तसे शब्द त्याच्या वांट्यास फार क्वचित् येतात.